बायकांची पट्टी काळी चारच का?

कुडाळची मास्तरीण:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. चाळिशी उलटल्यावर गाणं शिकायला घेतलं आणि आता शास्त्रीय गाण्याच्या मध्यमा प्रथम परीक्षेला बसायचा विचार आहे. आवाज पहिल्यापासून जाड. शेवटच्या बाकापर्यंत ओरडावं लागत नाही, एवढा त्याचा फायदा. तोटा असा की फोनवर 'हॅलो' म्हटलं की पलीकडचा 'बोला साहेब' म्हणतो. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत आरतीला मनापासून आवाज लावला, तर आतेसासूबाई भरल्या माजघरात म्हणाल्या, "हिका बापयांत बसवा गो, आवाज बघ कसो बापयासारखो." सगळे हसले, मीही हसले. पुढे बरीच वर्षं आरतीत मी फक्त टाळ्या वाजवल्या.

आता क्लासचं सांगते. आम्ही मुली-बायका मिळून आठ-दहा जणी आणि सगळ्यांना पट्टी एकच, काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी हा आमचा षड्ज, आमचा 'सा'. तंबोऱ्याचं मशीन काळी चारवर, तबल्याचं ॲपही तिथेच. मंद्र (खालच्या) आणि मध्य सप्तकात मी मजेत असते. तार (वरच्या) सप्तकातला गंधार आला की गळा आवळतो आणि तार मध्यमाला जे काही निघतं त्याला गाणं म्हणत नाहीत. घरी एकटी बसते तेव्हा पांढरी तीन लावते. तिथे मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत सहज फिरून येते, घसाही बसत नाही. हे सरांना सांगितलं तर म्हणाले, "ती पुरुषांच्या जवळची पट्टी झाली. बाईने बाईसारखं गावं. रियाज करा, आपोआप वर जाल." मग मी काळी चारला जोर लावते, तेव्हा ऐकावं लागतं, "एवढा छातीतून नको, नाजूक लावा."

दुसरीकडे माझा भाचा. सतरा वर्षांचा आहे, दशावतारात स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करतो. जत्रेत तो वरच्या सुरात पद म्हणतो तेव्हा बायाबापडे पैसे लावतात. कॉलेजात मात्र त्याच आवाजावरून पोरं त्याला नावं ठेवतात.

तर जाणकारांनी सांगा. बायकांची पट्टी, पुरुषांची पट्टी असं खरोखर काही असतं का, की नुसती पडलेली सवय आहे? आणि परीक्षेत पांढरी तीनला गायले तर मार्क जातील का?

रातांबा:

गंगूबाई हंगल ऐका आणि सरांनाही ऐकवा. विषय संपला.

पायपेटी:

इतक्यात कशाला संपवता? गंगूबाईंचं नाव सगळेच घेतात. पण त्यांच्या तरुणपणीच्या तबकड्या ऐका, लेबलवर नाव 'गांधारी हंगल' असायचं. त्यात आवाज बारीक आणि उंच आहे. पुढे टॉन्सिलचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली उतरला, रुंद झाला. त्या उतरलेल्या आवाजावरच बाई मोठ्या झाल्या. गंमत म्हणजे ज्यांच्याकडे शिकल्या ते सवाई गंधर्व स्वतः संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करायचे. म्हणजे बाई होऊन गाणारा गुरू आणि लोक ज्या आवाजाला पुरुषी म्हणत ती शिष्या. दोघांचं कुठे अडलं नाही, अडतं ते ऐकणाऱ्यांचं.

ताई, मी पेटीवाला माणूस. अर्धं आयुष्य दशावताराच्या रंगात आणि भजनात गेलं, अधूनमधून शास्त्रीयच्या साथीलाही बसतो. तेव्हा बोटाखालचंच सांगतो. पेटी उघडून बसा. काळी एकला गाणारे बुवा जेव्हा तार पंचमाला जातात तेव्हा माझं बोट ज्या काळीवर असतं, काळी चारला गाणाऱ्या बाईंच्या तार षड्जाला ते नेमकं त्याच काळीवर असतं. सूर तोच, 415 हर्ट्झच्या आसपास. बुवा तिथे पोचले की मंडप उठतो, 'काय पहाडी आवाज!' बाई तिथून पुढे गंधार, मध्यम, पंचम घेतात तेव्हा म्हणायचं 'किती गोड!' आणि तुमच्यासारखी बाई त्याच काळीवर छातीच्या जोराने आली की 'बापयासारखी'. पेटीला यातलं काही कळत नाही. तिच्यावर एकच काळी दाबलेली असते.

म्हणून माझं मत असं की आपले लोक पट्टीवरून बाई-पुरुष ठरवतच नाहीत. ते लगाव ऐकतात, म्हणजे आवाज कसा लावला ते.

पटत नसेल तर डबलबारी, दोन बुवांचा भजनाचा सामना, आठवा. आमचे भजनी बुवा काळी तीन लावतात, पांढरी पाच लावतात, अंगात रग असेल तर काळी चारसुद्धा. तुमच्या क्लासचीच पट्टी! रूपावली झाली, अभंग झाला, मग गवळण येते. गवळणीत हा मिशीवाला बुवा राधा होऊन कृष्णाला लटकं रागावतो, तेही टिपेला. बायकी म्हणायची कुणाची टाप आहे? कारण आवाज फेकलेला असतो, मानेच्या शिरा फुगलेल्या असतात, मध्येच समोरच्या बुवाला टोमणा असतो. तोच बुवा त्याच पट्टीत हळू, श्वास सोडून गायला तर मंडपात शिट्ट्या वाजतील.

दशावतारात तर हे आणखी उघड दिसतं. आडदशावतार (सुरुवातीचा भाग) संपून आख्यान, म्हणजे मुख्य कथा, सुरू झालं की मी ज्या मंडळात वाजवायचो तिथे रात्रभर पट्टी एकच. सारखी कोण बदलणार? पायपेटीवर एक पाय भात्याला, पहाटेपर्यंत दोन्ही पायांना मुंग्या. राजा त्याच पट्टीत गातो आणि राणीही त्याच पट्टीत. दोघेही पुरुषच. राजा शब्द ठोकून टाकतो, सूर छातीवर घेतो, ओळीचा शेवट तोडतो. राणी तोच सूर जिभेच्या टोकावर आणते, शेवटचा स्वर लांबवते, उतरताना मान थोडी कलती करते. माझी बोटं मात्र दोघांसाठी त्याच पट्ट्यांवर. तुमच्या भाच्याला विचारा, तो हे माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. आणि खोटा आवाज काढून गाऊ नको म्हणावं, कोवळ्या वयात घसा जपायला हवा.

बालगंधर्वांनी तरी काय केलं? 1911च्या 'मानापमान'मधली भामिनी, 1916च्या 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 1919च्या 'एकच प्याला'मधली सिंधू. सगळं मोकळ्या गळ्याने, चोरटा आवाज कुठेच नाही. 1933 साली 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे रंगमंचावर आल्या (मूळच्या आपल्या शेजारच्या गोव्याच्या), तोवर बाईने नाटकात कसं गावं ते ठरून गेलं होतं. ठरवणारा होता एक पुरुष. आजही मुली नाट्यगीताच्या स्पर्धेत बसतात तेव्हा गळ्याच्या त्याच हरकती घेतात.

परीक्षेचं विचाराल तर मी साथीला बसलो तिथे गाणाऱ्याने सांगितली ती पट्टी लागली. परीक्षक राग ऐकतात, ताल बघतात. पट्टीवरून मार्क कापलेले मी तरी पाहिले नाहीत.

रातांबा:

बरं, संपला नाही विषय. माझे शब्द मागे. चालू द्या.

जहाजी, जयगड:

गाण्यातलं मला फारसं कळत नाही, पण या विषयावर माझ्याकडे एक किस्सा आहे. बोटीवर असतो. एकदा युरोपातल्या एका बंदरात माल उतरवायला वेळ लागणार होता, म्हणून आम्ही दोघे-तिघे गावात भटकत एका चर्चमध्ये शिरलो. आत गाणं चालू होतं. बाई फार सुंदर गातेय म्हणून मान उंच करून बघतो तर सहा फुटी गडी, खांदे आमच्या बोसनसारखे. माझा जोडीदार फिस्सकन हसला, पुढच्या बाकावरच्या आजीने वळून असा काही डोळा वटारला की आम्ही गप्प. चीड यायला हवी होती ती नंतर स्वतःवर आली, कारण आमच्या हसण्याशिवाय त्या गाण्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

असा बाईच्या उंचीच्या सुरात गाणारा पुरुष, त्याला काउंटरटेनर म्हणतात. मग बोटीवर रिकाम्या वेळात वाचत गेलो. पोपच्या रोममध्ये बायकांना रंगमंचावर गायला बंदी होती, चर्चच्या गायकवृंदातही जागा नव्हती. वरचे सूर तर हवे होते. मग उपाय काय, तर आवाज फुटण्याआधीच पोरांचं खच्चीकरण करायचं. गळा मुलाचा राहायचा आणि छाती वाढायची पुरुषाची. त्यांना कास्त्राती म्हणत. त्यातला फारिनेल्ली 18व्या शतकात राजेरजवाड्यांत गाजला. बाईला गप्प बसवायचं म्हणून पोरावर सुरी चालवायची, हा न्याय मला अजून पचलेला नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. हँडेल नावाच्या संगीतकाराने 1724 साली लंडनमध्ये ज्युलियस सीझरवर ऑपेरा केला. त्यात सीझरचं काम सेनेसिनो नावाच्या कास्त्रातोने केलं. म्हणजे जग जिंकणारा सेनापती बाईच्या सुरात गातोय आणि समोरच्या लोकांना ते शौर्यच वाटतंय! पुढे कास्त्रातींचे दिवस सरले. 1837 साली पॅरिसमध्ये द्युप्रे नावाच्या गायकाने सगळ्यात वरचा 'सा' (त्यांचा हाय सी) छातीच्या आवाजात ठोकला आणि तेव्हापासून मर्दानी गाणं म्हणजे असं, हे पक्कं झालं. त्याआधी पुरुष तो सूर हलक्या, मऊ आवाजात घेत आणि तेच सभ्य मानलं जाई. पायपेटीकाका लगावाबद्दल जे म्हणतात ते मला यामुळे चटकन पटलं. शंभर-सव्वाशे वर्षांत 'मर्द कसा गातो' याचं उत्तरच उलटं झालं.

शेवटचा कास्त्रातो मोरेस्की. त्याचं 1902 आणि 1904चं रेकॉर्डिंग नेटवर मिळतं. रात्री एकट्याने ऐकू नका.

निवृत्त मास्तर, रत्नागिरी:

चर्चा रंगली आहे, पण सगळं खापर समाजावर फोडायचं तर मग गळ्याचं काय करायचं? वयात येताना मुलाचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली जातो. बोलताना पुरुषांचा सूर साधारण 100 ते 130 हर्ट्झ, बायकांचा 180 ते 220च्या आसपास. हे आतेसासूबाईंनी ठरवलेलं नाही. काळी एक आणि काळी चार या पट्ट्या त्यातूनच बसल्या. मी आयुष्यभर वर्ग घेतले. दहा मुली, तंबोरा एक, तबलजी एक, तास एक. प्रत्येकीला वेगळी पट्टी देत बसलो असतो तर अलंकारांपलीकडे कुणीच गेली नसती. तबल्याचंही तसंच. काळी चारचा तबला लहान तोंडाचा, टिपेचा. तो ओढून-ढिला करून अर्धा-एक सूर हलेल, त्यापुढे पुडी (तोंडावरचं चामडं) बोलत नाही. तेव्हा बाईंच्या सरांना लगेच खलनायक करू नका. बहुतेक तो बिचारा तबल्याच्या हिशेबाने चालला असेल.

मात्र 'बाईने बाईसारखं गावं' हे वाक्य त्यांनी उच्चारलं असेल, तर ते तबल्यातून आलेलं नाही, हे मान्य.

एक गोष्ट मात्र मलाही कधीपासून खटकते. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा नाटकातल्या पुरुषांना मागच्या रांगेपर्यंत पोचायला पट्टी चढी ठेवावी लागायची. माईक आला आणि पुरुष निवांत खाली उतरले. बायकांचं झालं उलटं. माईक नसतानाच्या बायका, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, खुल्या आकाराने, भरदार आवाजात गायल्या. केसरबाईंची भैरवी तर 1977 साली व्हॉयेजर यानांतून सूर्यमालेबाहेर निघाली. आणि माईक आल्यावर, म्हणजे खाली उतरायची सोय झाल्यावर, मुलींना आपण आणखी वर, आणखी बारीक पाठवत राहिलो.

याचं कारण मला असं दिसतं. आधीच्या पिढीतल्या बहुतेक गाणाऱ्या कलावंत, म्हणजे पिढीजात गाणं-नाचणं करणाऱ्या घराण्यांतल्या. त्यांच्या आवाजाच्या रुंदीला कुणी हरकत घेतली नाही, कारण त्यांना 'घरंदाज' ठरायचंच नव्हतं, समाजाने तो दरवाजा आधीच लावून घेतला होता. मग हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जलसे केले, साध्या पांढरपेशा वेषात, हातवारे न करता, अतिशय मधुर बारीक आवाजात. मध्यमवर्गाला वाटलं, असं असेल तर आपल्याही मुली गायला हरकत नाही. हिराबाईंचे उपकार मोठेच आहेत. पण त्यांचा गळा मुळात तसा होता आणि आम्ही मास्तरांनी त्याचा नियम केला. वर लताबाईंचा आवाज घराघरांत पोचला, मग तर संपलंच. जाड आवाजाची मुलगी वर्गात आली की आम्ही तिला सुगम नको, समूहगीतात मागे उभी राहा, असं सांगायचो.

हिराबाईंचे वडील अब्दुल करीम खाँ, तेही उंच, नाजूक आवाजात गायले. त्यांना त्यावरून कुणी वर्गाबाहेर काढलं नाही. पुरुषाचा नाजूकपणा खाँसाहेबांच्या दर्जाचा असेल तर आपण त्याला 'करुण रस' म्हणतो.

पायपेटी:

मास्तर, तबल्याचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण पेटीच्या बाबतीत आम्हीच आळशी. कित्येक पेटीवाल्यांची बोटं काळी एक आणि काळी चारलाच बसलेली असतात, पांढरी तीन म्हटलं की कपाळाला आठ्या. मग 'ताई, थोडं वरच घ्या, छान वाटेल' असं गोड बोलून गाणाऱ्याला आपल्या सोयीच्या पट्टीत ओढायचं. हे मी शेकडो वेळा होताना पाहिलंय. पट्टी सरकवता येणाऱ्या स्केल चेंजर पेट्या आल्या तरी खोड तीच.

कुडाळच्या ताई, एक करून बघा. सकाळी नको, संध्याकाळी, शाळेतून आल्यावर, बोलून बोलून आवाज मोकळा झालेला असतो तेव्हा. सगळ्यात खालचा जो सूर न दाबता, घुमारा ठेवून लागतो तो पेटीवर शोधा. तो मंद्र पंचम किंवा मध्यम धरून षड्ज काढा. मग त्या षड्जावर अर्धा तास गा आणि शेवटी तार पंचमाला जा. घसा खवखवला नाही तर तीच तुमची पट्टी. पांढरी तीन येवो नाही तर पांढरी चार येवो.

कुडाळची मास्तरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचं वाचून आमच्या सरांबद्दलचा राग जरा निवळला. पायपेटीकाकांनी सांगितलं तसं करून पाहिलं. खालचा सूर पांढरी सातच्याही थोडा खाली, पांढरी सहाच्या वर आला. म्हणजे पांढरी तीनलाच पंचम नीट घुमतो.

काल सरांना विचारलं, परीक्षेपुरती पट्टी बदलू का? ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "तबलजी तयार असेल तर माझी ना नाही." तर आता अडचण तबल्याची. आमच्या तबलजीदादांकडे काळी चारचा तबला आहे आणि दुसरा भजनाचा, तोही टिपेचाच. माझ्या एकटीसाठी मोठ्या तोंडाचा तबला कोण घेणार?

भाचा म्हणतोय, मावशे, दशावतारात ये, राजाचं काम देतो.

पायपेटी:

भाचा गुणी आहे, पण परीक्षा आधी द्या.

तबल्यावर उपाय आहे. काळी चारचा तबला अर्धा सूर चढवा, पांढरी सहा होईल. पांढरी सहा म्हणजे तुमच्या पांढरी तीनचा मध्यम. मालकंस किंवा बागेश्री गाणार असाल तर मध्यमात लावलेला तबला कानाला मुळीच खटकत नाही. पंचम ठसठशीत असलेला राग असेल तर मात्र षड्जाचाच तबला हवा, तिथे तडजोड नको. माझ्याकडे पांढरी तीनला उतरणारा एक जुना ढाला (खालच्या सुराचा) तबला पडून आहे. शाई एका बाजूला उडालीय, पुडी बदलावी लागेल. सावंतवाडीला जाणं होईल तेव्हा टाकून येतो. परीक्षा कुठल्या महिन्यात आहे तेवढं कळवा.